येशूचे दाखले: उलगडण्यासाठी की झाकण्यासाठी?

जिज्ञासू:
येशूने अवघड तत्त्वे साध्या लोकांना सोपी करून सांगण्यासाठी दाखले, म्हणजे बोधकथा, दिले, हे विधान प्रवचनांत इतक्या वेळा ऐकू येते की ते तपासून पाहावे असे कोणाला वाटतच नाही. मला ते मान्य नाही, आणि आधार मार्कच्या शुभवर्तमानाचाच, म्हणजे बायबलमधील येशूच्या चरित्राचाच, आहे. चौथ्या अध्यायात पेरणाऱ्याचा दाखला सांगून झाल्यावर शिष्य एकांतात त्याचा अर्थ विचारतात, तेव्हा येशू म्हणतो की देवाच्या राज्याचे रहस्य तुम्हांला दिलेले आहे, बाहेरच्यांना मात्र सर्व काही दाखल्यांनी सांगितले जाते, ते अशासाठी की त्यांनी पाहूनही त्यांना दिसू नये आणि ऐकूनही त्यांना समजू नये. मूळ ग्रीकमध्ये येथे ‘हिना’ हे हेतू दाखवणारे अव्यय आहे. शिवाय, सोपे करण्यासाठीच दाखला दिला असता, तर खुद्द शिष्यांना त्याचा अर्थ विचारण्याची वेळ का आली? दाखला हा पडदा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सांजवात:
मी अनेक वर्षे मुलांना हे दाखले शिकवत आले आहे, म्हणून राहवत नाही. त्याच अध्यायात पुढे ३३व्या वचनात लिहिले आहे की, येशू लोकांना त्यांच्या ऐकण्याच्या शक्तीप्रमाणे दाखल्यांतून वचन सांगत असे. ज्याला झाकायचे असते तो समोरच्याची शक्ती पाहून बोलत नाही. मत्तयानेही आपल्या शुभवर्तमानात हाच प्रसंग देताना ‘अशासाठी की’ऐवजी ‘कारण’ म्हटले आहे: ते पाहत असूनही पाहत नाहीत, म्हणून मी दाखल्यांनी बोलतो.

जिज्ञासू:
सांजवातताई, ३४वे वचनही वाचावे: दाखल्यावाचून तो त्यांच्याशी बोलत नसे, आणि एकांतात मात्र शिष्यांना सर्व उलगडून सांगे. मत्तयाने शब्द बदलला, यावरून मार्कचे वाक्य त्या काळीही किती कठोर वाटत होते, एवढेच सिद्ध होते.

पांथस्थ:
दाखला म्हणजे केवळ सोपे उदाहरण नव्हे, येथवर मी जिज्ञासूंच्या बरोबर आहे. ‘पडदा’ मात्र मला मान्य नाही. चौथ्या अध्यायातच थोडे पुढे, दिवा मापाखाली ठेवायला आणतात काय, असे विचारून येशू म्हणतो की जे काही गुप्त आहे ते प्रकट व्हावे यासाठीच गुप्त आहे. तेथेही तेच ‘हिना’ आहे. एका ‘हिना’वर मत उभारायचे आणि दहा वचनांनंतरचा दुसरा ‘हिना’ सोडून द्यायचा, हे न्याय्य नाही.

माझ्या मते दाखल्याचे काम ऐकणाऱ्याकडून निवाडा करवून घेण्याचे आहे, आणि तोही आपण स्वतःचाच निवाडा करत आहोत हे त्याच्या ध्यानी येण्याआधी. ही रीत येशूच्या पूर्वीची आहे. नाथान संदेष्टा दावीद राजाला एका श्रीमंताने हिरावून घेतलेल्या गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगतो, राजा संतापून त्या श्रीमंताला मरणदंडास पात्र ठरवतो, आणि मग नाथान म्हणतो, ‘तो मनुष्य तूच आहेस.’ राजाने स्वतः बळकावलेल्या उरियाच्या पत्नीबद्दल थेट विचारले असते, तर राजाकडे सबबी असत्या. मेंढीबद्दल एकही नव्हती. मार्कच्या बाराव्या अध्यायातल्या, धन्याच्या मुलालाच ठार करणाऱ्या दुष्ट माळ्यांच्या दाखल्याचा शेवटही पाहावा. तो आपल्यालाच उद्देशून सांगितला, हे तेथील पुढाऱ्यांनी तत्काळ ओळखले आणि म्हणूनच ते त्याला धरायला पाहू लागले. जे ‘बाहेरचे’ होते त्यांनाच तो पुरता समजला होता. अडले होते ते मान्य करण्यापाशी.

लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात जकातदार आणि पापी लोकांबरोबर येशू जेवतो म्हणून परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणारे) आणि शास्त्री कुरकुर करतात, आणि उत्तरादाखल त्यांना उधळ्या पुत्राची गोष्ट ऐकावी लागते: सर्व उधळून परतलेल्या धाकट्यासाठी बाप मेजवानी देतो, आणि थोरला रागावून घरात यायला नकार देतो. थोरला मुलगा बापाशी बोलताना ‘हा तुमचा मुलगा’ म्हणतो, ‘माझा भाऊ’ हे शब्द त्याच्या तोंडून निघत नाहीत; बाप मात्र उत्तरात ‘हा तुझा भाऊ’ असे म्हणतो. थोरला मग घरात गेला की बाहेरच राहिला, हे लूक सांगतच नाही. ते उत्तर कुरकुर करणाऱ्यांनी द्यायचे होते. झाकायचेच असते, तर दार असे उघडे ठेवले नसते.

सांजवात:
हा ‘तुझा भाऊ’ मी इतकी वर्षे वाचला, पण असा कधी थांबून पाहिला नव्हता. तरीही सांगते, लहान मूलही हे ऐकताना थोरल्यावर रागावते. त्याला अर्थ कळायला कोणी एकांतात उलगडून सांगावे लागत नाही.

जिज्ञासू:
दुसऱ्या ‘हिना’चा मुद्दा मला मान्य करावा लागतो, आणि ‘पडदा’ हा शब्द मी सर्व दाखल्यांना लावणार नाही. परंतु मार्कपुरते मी माझे म्हणणे सोडत नाही. आठव्या अध्यायात, भाकरी नाही म्हणून शिष्य चिंता करत बसतात, तेव्हा ‘डोळे असून तुम्हांला दिसत नाही काय, कान असून ऐकू येत नाही काय?’ असे येशू त्यांनाच विचारतो. चौथ्या अध्यायात बाहेरच्यांबद्दल काढलेल्या त्या शब्दांचा रोख आता रहस्य मिळालेल्यांवरच आहे, आणि एकांतात मिळालेला उलगडाही त्यांना पुरलेला नाही.