खोलीभर चिकटवलेल्या कार्पेटचा रंग घरीच बदलता येईल का?

प्रश्न

नमस्कार. बाबांच्या खोलीत फिकट बदामी कार्पेट आहे, भिंतींना भिडून खोलीभर चिकटवलेलं. भिंती आणि भिंतीच्या तळाची लाकडी पट्टीही जवळपास त्याच रंगाची. बाबांची नजर आता अधू झाली आहे. जमीन कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते हे त्यांना कळत नाही. परवा वॉकर भिंतीवर आपटला, थोडक्यात वाचले.

कार्पेट गडद निळं केलं तर फरक कळेल असं वाटतं. ते उखडायचं म्हणजे पलंग, कपाट, सगळं हलवायचं, आणि बाबा तर मोजलेल्या पावलांवर चालतात. मांडणी मोडायला मन घेत नाही. कपडे रंगवतात तसं ब्रशने किंवा फवारून रंगवता येईल का? खिडकीपाशी ते उन्हाने विटलंय, पलंगाखाली मूळ रंग शाबूत आहे. धागा कशाचा आहे ते माहीत नाही.

प्रतिसाद १

मी दोन खोल्यांचं केलंय. एक जमलं, एक पार फसलं, आणि दोन्ही वेळा कारण एकच: धागा.

लोकर आणि नायलॉन अ‍ॅसिड डाय धरतात. त्यासाठी रंग, थोडं व्हिनेगर किंवा सायट्रिक अ‍ॅसिड आणि भरपूर उष्णता, तिन्ही हवं. पॉलिएस्टरला वेगळा, डिस्पर्स डाय लागतो आणि कारखान्यात तो सहसा १३० अंश सेल्सिअसच्या आसपास, दाबाखाली चढवतात. घरात ते होणं नाही. पॉलिप्रॉपिलीन तर रंग धरतच नाही, त्याचा रंग धागा ओढण्याआधी वितळलेल्या प्लास्टिकमध्येच मिसळलेला असतो.

माझी पहिली खोली नायलॉनची. हातभर रुंद पट्टे घेत गेलो, एकाची कड ओली असतानाच पुढचा धरला, मागोमाग स्टीमरने वाफ दिली. कड वाळली की जोड कायमचा दिसतो, म्हणून मध्ये उठायचं नाही. दुसऱ्या खोलीत धागा न तपासता तोच रंग ओतला. ते पॉलिएस्टर निघालं. वाळल्यावर सगळ्यांचे तळवे निळे, चादरीही निळ्या. तीनदा धुतलं तरी पांढरं फडकं घासलं की रंग लागायचाच.

तेव्हा पलंगाखालच्या कोपऱ्यातून चार धागे कापा. पाण्यात साबणाचा थेंब टाका, धागे त्यात बुडवून चिमटीने दाबा, बुडबुडे निघू द्या. तरंगले तर पॉलिप्रॉपिलीन, कारण ते पाण्याहून हलकं असतं. बाकी तिन्ही बुडतात. बुडले तर एक धागा चिमट्यात धरून, सिंकवर, जाळून बघा. लोकरीला केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. नायलॉन आणि पॉलिएस्टर वितळून त्यांचा कडक मणी होतो, पॉलिएस्टरचा धूर जास्त काळा.

प्रतिसाद २

लोकर निघाली तर आधीचा रंग काढायला क्लोरीनचं ब्लीच वापरू नका. लोकर त्यात अक्षरशः विरघळते.

प्रतिसाद ३

ताई, धागा नायलॉन निघाला तरी थांबा. नवा रंग जुन्यावर चढतो, जुना जात नाही. खिडकीपाशी विटलेला भाग निळ्यातही फिकाच दिसणार, आणि बदामीतल्या पिवळसर छटेमुळे निळा हिरवट होऊ शकतो. डाग न धरणारी प्रक्रिया केलेली असेल तर रंग ठिकठिकाणी बसतच नाही.

हे एवढ्यासाठी सांगते की माझ्या सासूबाईंची नजर अशीच गेली होती. दारातलं काळं पायपुसणं त्यांना खड्डा वाटायचं, पाय उंच उचलून त्या ते ओलांडायच्या. एकदा तोल गेला, तेव्हा आम्हाला कारण समजलं. कमी-जास्त निळे पट्टे पडलेलं कार्पेट बाबांना आताच्याहून जास्त घाबरवेल. शिवाय कार्पेटची पाठ भिजली की नीट वाळेपर्यंत त्यांना त्या खोलीत झोपवता येणार नाही, ओल राहिली तर बुरशी धरते.

तुम्हाला कार्पेटचा रंग बदलायचा नाहीये, कडा दिसायला हवी आहे. मग कडाच रंगवा ना.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. चारही धागे तरंगले. खात्री व्हावी म्हणून दुसऱ्या कोपऱ्यातलेही घेतले, तेही वरच.

शनिवारी बाबा बाहेरच्या खोलीत असताना भिंतीच्या तळाची पट्टी गडद निळी केली, चार इंच उंचीची, चारही बाजूंनी. कार्पेटवर थेंब पडू नये म्हणून कडेला कागद खोचला होता. तेलरंग नको म्हणून पाण्यातला, बिनचमकीचा घेतला, म्हणजे दिव्याचा उजेड त्यावर चकाकत नाही. पलंगामागची पट्टी तशीच राहिली, पलंग हलवला नाही.

काल बाबा दारातून आत आले, जरा थबकले आणि म्हणाले, "ही रेघ कुणी काढली?" मग तिच्या कडेकडेने खिडकीपर्यंत गेले, वॉकर कुठेही न लागता. दाराची चौकट अजून भिंतीच्याच रंगाची आहे, ती रविवारी घेणार आहे.