लाल रंगातला किडा: चालतो का नाही?

वेशीतली_आपा: मीना बाजारातनं पोरीला लाल जेलीचं पाकीट आणलं, इफ्तारला फोडलं आणि भाच्यानं मागचं बारीक वाचलं तर रंग 120. हे कार्माइन, म्हणजे कोचिनील नावाचा किडा वाळवून काढलेला रंग, येतो जास्त करून पेरू देशातनं (फळ नव्हे ओ). पोरगी तोवर खाऊन मोकळी. आपण हनफी, म्हणजे सुन्नींच्या चार पंथांपैकी एक, आपल्यात टोळ सोडला तर किडा हराम, मग अख्खा असो का पावडर. आणि किडा लिहायचं सोडून नुसता नंबर टाकायचा ही काय पद्धत झाली?

काळा_कोट: आपा, एवढी घाई नको. 2011 ला इंडोनेशियाच्या उलेमा कौन्सिलनं हा रंग हलाल ठरवलाय, आणि तिकडं बहुतेक शाफई पंथाचे, काय ढिले लोक नाहीत. ह्या किड्याला वाहतं रक्त नाही, म्हणजे नजिस (नापाक) नाही. मालिकी पंथाकडं तर किड्यांना अटी घालून परवानगीच आहे.

वेशीतली_आपा: नजिस नाही म्हणजे खायला हलाल असं कुठंय भाई? चहात माशी पडली तर बुडवून काढून टाकतो आणि चहा पितो, माशी चावून खातो का?

काळा_कोट: बरं, माशीचं मान्य 😄 पण रंग काढताना ती वस्तूच बदलते की, दारूचा सिरका (व्हिनेगर) होतो तसं.

सांगोल्याचा_डाळिंबवाला: मधेच बोलतो, माफी. आमच्या बांधाला फड्या निवडुंग आहे, त्यावर पांढरा कापसासारखा किडा बसतो, ह्याच्याच भावकीतला. बोटानं चिरडला की बोट लालभडक, दोनदा धुतलं तरी जात नाही. म्हणजे रंग किड्यात आधीपासनंच आहे, बदललं काय? सिरक्यात दारू उरत नाही, इथं किड्यातलाच रंग वाटीत आला.

चक्कीवाला: मग 904 नंबर पण सोडा, गोळ्या-चॉकलेटवरची चकाकी, ती लाखेची. लाखेचा पण किडाच.

वेशीतली_आपा: लाख किडा अंगातनं सोडतो, किडा कुटून काढत नाहीत. मध पण माशीच्या पोटातनंच येतो आणि त्याचं तर सूरह नहलमध्ये आलंय. लाखेला माझी ना नाही.

काळा_कोट: लाख चाळली तरी किड्याचे तुकडे राहतातच थोडेफार, त्याचं काय करणार?

वेशीतली_आपा: ते मौलानांना विचारते जुम्म्याला. 120 मात्र घरात नाही. भाचा आता कपाटातला डबान् डबा काढून नंबर वाचत बसलाय, शीरखुर्म्याच्या शेवया पण सोडल्या नाहीत.