ब्राउझरमध्ये मराठी पान, स्क्रिप्टमध्ये कचरा: रिक्वेस्टच्या हेडरांत नेमकं काय असतं?

संत्राबाग४४००:
नमस्कार मंडळी. नागपूरच्या कळमना मार्केटच्या संत्रा अडत्यांसाठी मराठी-इंग्रजी दोन्हीत एक साइट बनवून राहिलो. समोर एनजिनएक्स (वेब सर्व्हर), मागे पायथन. क्रोममध्ये मराठी पान बरोबर येतं. तोच पत्ता पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीतून मागवला की इंग्रजी येतं. म्हणून एफ१२ दाबून नेटवर्क टॅबमधले हेडर (रिक्वेस्टसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळी) उचलून स्क्रिप्टमध्ये टाकले. आता स्टेटस २०० (म्हणजे सगळं ठीक) येतो, पण मजकुराच्या जागी नुसती विचित्र चिन्हं. काहून होऊन राहिलं असं? कोणते हेडर ठेवायचे, कोणते काढायचे?

धरमपेठ_कोड:
भाऊ, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

कचरा येतो तो ॲक्सेप्ट-एन्कोडिंगमुळे. क्रोम त्यात जीझिप, डिफ्लेट, ब्रॉटली आणि झेडस्टँडर्ड अशी चार नावं पाठवतो, म्हणजे ‘यातलं कोणतंही कॉम्प्रेशन मला उलगडता येतं’. ती ओळ स्क्रिप्टनं पाठवली की सर्व्हर तिच्यावर विश्वास ठेवतो आणि ब्रॉटलीत दाबलेलं पान देतो. रिक्वेस्ट्सला जीझिप आणि डिफ्लेट आपसूक उलगडता येतात, ब्रॉटलीसाठी वेगळं पॅकेज बसवावं लागतं. ते नसेल तर दाबलेले बाइट्स तसेच तुमच्या हातात पडतात. सर्व्हरच्या बाजूनं काहीच चुकलेलं नाही, म्हणून स्टेटस २००.

खात्री करायची तर उत्तरातला कंटेंट-एन्कोडिंग छापून पाहा, तिथे ‘बीआर’ (म्हणजे ब्रॉटली) दिसेल. मग ॲक्सेप्ट-एन्कोडिंगची ओळ स्क्रिप्टमधून उडवा, लायब्ररी स्वतःला झेपेल तेवढंच मागेल. आणि एक, साध्या एचटीटीपीवर क्रोम ब्रॉटली मागतच नाही, फक्त एचटीटीपीएसवर आणि लोकलहोस्टवर (स्वतःच्याच मशीनवर) मागतो. त्यामुळे हाच कोड एका ठिकाणी चालतो आणि दुसरीकडे कचरा देतो.

इंग्रजी पान येतं ते ॲक्सेप्ट-लँग्वेज (कोणती भाषा हवी ते सांगणारं हेडर) नसल्यामुळे. रिक्वेस्ट्स हे हेडर मुळात पाठवतच नाही, मग तुमचा पायथन कोड डीफॉल्ट भाषेवर जातो. क्रोमच्या सेटिंगमध्ये मराठी वर आणि इंग्रजी खाली असेल तर ओळ साधारण अशी जाते: ‘एमआर-आयएन, एमआर;क्यू=०.९, ईएन;क्यू=०.८’. एमआर म्हणजे मराठी, आयएन भारत, ईएन इंग्रजी. क्यू म्हणजे पसंतीचं वजन, ० ते १ मधलं. लिहिलं नसेल तर १ धरायचं, आणि ० म्हणजे ‘ही भाषा नकोच’. ओळीत कुठेही ‘एमआर’ सापडलं की मराठी द्यायचं, असा कोड लिहू नका. ज्यानं इंग्रजी पहिली आणि मराठी ०.१ वर ठेवली, त्यालाही मराठीच पान जाईल. उलट ‘एमआर-आयएन’शी तंतोतंत जुळवलं तर नुसतं ‘एमआर’ पाठवणारा सुटतो. क्यूप्रमाणे क्रम लावा, मग भाषेचा पहिला भागच जुळवा.

बर्डी_बॅकएंड:
बाकीच्या ओळींबद्दल सांगतो.

होस्ट हाताने लिहू नका, लायब्ररी भरते. एकाच आयपीवर अनेक साइट असतात, त्यातली कोणती हवी ते सर्व्हरला होस्टवरूनच कळतं. एचटीटीपी १.१ मध्ये तो सक्तीचा आहे, नसला तर ४०० (चुकीची रिक्वेस्ट) येतो. डेव्हटूल्समध्ये (एफ१२ नं उघडतं त्यात) कोलननं सुरू होणाऱ्या ओळी, म्हणजे ऑथॉरिटी, मेथड, पाथ, स्कीम, या एचटीटीपी २ च्या आहेत. रिक्वेस्ट्स १.१ बोलतं आणि असल्या नावावर तिथंच एरर देतं.

इफ-नन-मॅच उचलू नका. त्यात ब्राउझरच्या कॅशमधल्या प्रतीचा ईटॅग (त्या प्रतीची खूण) असतो, तो जुळला तर सर्व्हर ३०४ (बदल नाही) आणि रिकामं उत्तर देतो, आणि माणूस कोडमधली चूक शोधत बसतो. पोस्ट रिक्वेस्टचा कंटेंट-लेंग्थही तसाच. आकडा खऱ्या मजकुरापेक्षा मोठा असेल तर सर्व्हर उरलेल्या बाइट्सची वाट पाहत टाइमआउटपर्यंत लटकतो.

युजर-एजंटवर (ब्राउझरची ओळख सांगणाऱ्या हेडरवर) कोणताही निर्णय बांधू नका. सगळे प्रमुख ब्राउझर ‘मोझिला/५.०’नं सुरुवात करतात, आणि विंडोज ११ वरचा क्रोमसुद्धा ‘विंडोज एनटी १०.०’ असंच सांगतो. सेक-फेच नावाचे हेडर (रिक्वेस्ट कुठून, कशासाठी आली ते सांगणारे) ब्राउझर स्वतः लावतो, पानावरच्या जावास्क्रिप्टला ते बदलता येत नाहीत. पण स्क्रिप्टमधून ते कोणीही लिहू शकतो. रिक्वेस्टमधलं प्रत्येक हेडर म्हणजे समोरच्याचं म्हणणं, पुरावा नाही.

आणि कळकळीनं सांगतो, डेव्हटूल्समधून ‘कॉपी ॲज कर्ल’ (अख्खी रिक्वेस्ट कर्ल या कमांडच्या रूपात) केलेलं इथे किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्याआधी कुकी आणि ऑथरायझेशन या दोन ओळी पुसा. सेशन चालू असेपर्यंत ती ओळ ज्याच्या हाती, त्याला पासवर्डशिवाय तुमच्या खात्यात शिरता येतं.

कर्लला उणे व्ही दिलं की ‘>’ लावलेल्या ओळी गेलेल्या, ‘<’ लावलेल्या आलेल्या. अंदाज बांधण्यापेक्षा ते पाहा.

संत्राबाग४४००:
दोन्ही जमलं, आभार. आता नवीनच: एनजिनएक्सचं कॅश (एकदा बनलेलं पान साठवून पुन्हा देणं) चालू केलं, तर इंग्रजीवाल्यानं पान आधी उघडलं की मागून येणाऱ्या मराठीवाल्यालाही इंग्रजीच दिसून राहिलं.

धरमपेठ_कोड:
कॅशची की (साठवलेली प्रत ओळखायची खूण) मुळात स्कीम, मागचा सर्व्हर आणि पत्ता यांचीच असते, भाषा तिच्यात नसते. पायथनच्या उत्तरात ‘व्हेरी: ॲक्सेप्ट-लँग्वेज’ घाला. एनजिनएक्स १.७.७ पासून ते पाळतं. पण मग त्या ओळीचा प्रत्येक वेगळा नमुना म्हणजे वेगळी प्रत, आणि लोकांच्या भाषांच्या याद्या इतक्या वेगवेगळ्या असतात की कॅशचा फायदा बराच आटतो.

व्हीएनआयटी_गेट:
म्हणून पत्तेच वेगळे करा, मराठीचा एक, इंग्रजीचा एक. ॲक्सेप्ट-लँग्वेज फक्त मुख्य पत्त्यावर पाहा आणि तिथून ३०२ नं (तात्पुरतं वळवून) योग्य पानावर पाठवा. ३०१ (कायमचं वळवणं) देऊ नका, ब्राउझर तो साठवून ठेवतो, आणि नंतर भाषा बदलली तरी जुन्याच पानावर नेतो. मुख्य पत्ता एनजिनएक्सच्या कॅशमधून वगळा. वर भाषा बदलायची लिंक ठेवाच, कारण बऱ्याच जणांचा फोन इंग्रजीत असतो आणि वाचायचं मात्र मराठीत असतं.

गूगलचा क्रॉलर (शोधासाठी पानं वाचत फिरणारा प्रोग्राम) साधारणपणे ॲक्सेप्ट-लँग्वेज पाठवतच नाही. एकाच पत्त्यावर हेडर पाहून भाषा बदलली, तर त्याला तुमचं डीफॉल्ट इंग्रजी पानच दिसेल, आणि संत्र्याचे भाव मराठीत शोधणाऱ्या अडत्याला तुमची साइट सापडणं अवघड.