मदत हवी आहे: ९ आणि ४ वर्षांच्या लेकरांसोबत रात्रीचा अर्धा तास

लातूरला राहतो, मोठी लेक ९ ची अन् धाकटा ४ चा. दुकान बंद करून यायला साडेआठ होतात, जेवणं झाली की जेमतेम अर्धा तास मिळतो, त्यात दोघांना घेऊन रोज काहीतरी असं करायचंय की मोठेपणी आठवावं. वेळ अमावस्येला, म्हणजे आमच्याकडच्या शेतातल्या सणाला, कडब्याच्या कोपीपुढं बसून भज्जी-आंबील खाताना काय खुलतात दोघं, पण ते वर्षातून एकदाच. सापशिडी आणली, धाकटा हरला की सोंगट्या फेकतो. चिंचोक्यांचा मोठीला कंटाळा येतो. गोष्ट सुरू केली की धाकटा माझ्या मांडीवर झोपलाच. दोनच खोल्या, आई लवकर झोपते म्हणून दंगा चालत नाही, मोबाईल नकोच. दोघं एकत्र रमतील असं, बसल्या जागी होणारं, तुमच्या घरी खरंच टिकलेलं काय आहे?