मयताचा खर्च नेमका कुणाचा?

आडवाट
काल या फोरमवर रोखठोक या सदस्यांनी लिहिलं, "ज्याचा बाप, त्याचा खर्च. हप्त्यावर मोबाइल घेता येतो, मग बापाच्या सरणाला वर्गणी कशाला?" खाली बावीस जणांनी अंगठे दिले. रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून लिहितोय. लांबलंय, चालवून घ्या.

गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या वॉचमनची बायको वारली. माणूस नांदेडकडचा. इथे तो आणि चौदा वर्षांचा पोरगा, बाकी कुणी नाही. बॉडी रात्री साडेनऊला ताब्यात मिळाली. गावी न्यायचं म्हणाला, तर गाडीवाल्याने बावीस हजार सांगितले, निम्मे आगाऊ. त्याच्या खिशात अकराशे चाळीस रुपये होते. मीच मोजले, त्याला नोटा धरता येत नव्हत्या. शेवटी इथेच उरकलं, पैसे मी घातले.

आता हिशोब बघा. पालिकेच्या विद्युतदाहिनीत एक पैसा लागला नाही. पालिकेची शववाहिका "बाहेर गेलीय, आली की येईल", म्हणून खासगी गाडी, साडेतीन हजार. मयताचं सामान अठराशे. शवागारात बांधून देणाऱ्याला चहापाणी सहाशे. म्हणजे फुकटातल्या अंत्यसंस्काराला पाच हजार नऊशे.

आणि गंमत अशी, की ही बाई बेवारस सापडली असती तर सगळं सरकारी खर्चाने झालं असतं. मेल्यावरही माणसाची प्रतिष्ठा राहते, हे सुप्रीम कोर्टाने १९९५ साली परमानंद कटारा प्रकरणात म्हटलं. बेघर माणसाला त्याच्या धर्माप्रमाणे अंत्यसंस्कार मिळायला हवेत, हे २००२ मध्ये आश्रय अधिकार अभियानाच्या प्रकरणात. वारस नसला तर हक्क, आणि खिशात अकराशे असलेला वारस निघाला की बिल? स्मशान राखणं हे पालिकेचं बंधनकारक काम आहे, मुंबईच्या १८८८ च्या कायद्यात कलम ६१ खाली तसं लिहिलंच आहे. माझं म्हणणं एवढंच, की ते काम स्मशानाच्या फाटकापाशी सुरू न होता हॉस्पिटलच्या दारापासून सुरू व्हावं.

रोखठोक
माझ्या नावाने धागा, आभारी आहे. १९९८ ला माझे वडील गेले तेव्हा आईने मंगळसूत्राच्या वाट्या गहाण ठेवल्या. वर्षाने सोडवल्या. कुणापुढे हात पसरला नाही. तुमचा वॉचमन खरा असेल हो, पण त्याच्यामागे दहा जण रांग लावतील त्यांचं काय? आणि सरकार काही देत नाही हे खोटं आहे. कर्ता माणूस गेला की वीस हजार मिळतात. माहिती घेऊन लिहावं.

जुना_कारकून
तहसिलीत संजय गांधी निराधार योजनेच्या शाखेला माझी नऊ वर्षं गेली, तेव्हा माहिती मी देतो. ते वीस हजार म्हणजे राष्ट्रीय कुटुंब लाभ योजना. २०१२ पर्यंत दहा होते. अटी: दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब, मेलेला माणूस घरचा कर्ता, वय १८ ते ५९. पैसे उरलेल्या कुटुंबासाठी आहेत, सरणासाठी नाहीत. नियमात गृहिणीलाही कर्ती धरतात, पण वॉचमनची बायको आमच्या टेबलावर "कर्ता" ठरली नसती, चार घरची धुणीभांडी करत असली तरी.
ईएसआयसीचे, म्हणजे कामगार विमा महामंडळाचे, पंधरा हजार विमा असलेला कामगार गेला तर. बांधकाम कामगार मंडळाचे दहा हजार नोंदणी असेल तर. सगळीकडे आधी मृत्यूचा दाखला जोडा, मग अर्ज. म्हणजे आधी जाळा, मग मागा. वर्षश्राद्धाच्या आत पैसे आले तर आमच्या ऑफिसात आम्ही स्वतःची पाठ थोपटून घ्यायचो.

शेणीवाला
आमच्या कोल्हापुरात या आणि बघा. पंचगंगेच्या स्मशानात पैसे घेत नाहीत भावा. शेणीवर, म्हणजे गोवऱ्यांवर, दहन. होळी आली की तालमी, मंडळं होळी लहान करतात आणि शेणी ट्रॉल्या भरून स्मशानाला देतात. श्रीमंताला बी त्याच शेणी, गरिबाला बी त्याच. प्रश्न संपला.

बे_एक_बे
कोल्हापूर आलं एकदाचं. आता तांबडा-पांढरा येऊ दे. अरे भाऊ, शेणी फुकट, पण मयत तिथवर शेणीवर बसून येते का? आडवाट गाडीचं बोलून राहिले.

शेणीवाला
गाडी कशाला? गल्ली खांदा देते. तुमच्याकडं शेजारी दार लावून घेत असतील.

नीलिमा_ठाणे
सगळे सहा हजारांवर भांडताय. खरा खड्डा पुढे आहे. माझे सासरे गेले तेव्हा दहनाला आठ हजार आणि तेराव्याला एक लाख दहा हजार. तीनशे पानं. भाऊकीतल्या एका काकांनी मला स्वयंपाकघरात येऊन सांगितलं, "बुंदीवर भागवू नका, जिलबी ठेवा, अण्णांना आवडायची." अण्णांना मधुमेह होता. नवऱ्याने पतपेढीचं कर्ज काढलं, अडीच वर्षं फेडलं. वर गुरुजींची यादी: गादी, छत्री, चपला, पितळी भांडी. छत्री! गाडगेबाबा गावोगाव सांगून थकले, कर्ज काढून सण-समारंभ करू नका म्हणून. आधी हे बंद करा, मग पालिकेला नावं ठेवा.

रामकुंड_परिसर
ताई, या व्यवसायात माझी तिसरी पिढी. दक्षिणा यथाशक्ती असते, यादी यजमान मागतात म्हणून देतो. सव्वा रुपयात पिंडदान केलेलं आहे मी. जिलबी गुरुजींनी सांगितली होती का? जेवणावळ तुमच्या भाऊकीची आणि शिव्या आम्हाला, ही फॅशन झालीय.

नीलिमा_ठाणे
सव्वा रुपयावाला गुरुजी मला आयुष्यात भेटला नाही. आमचे गुरुजी क्यूआर कोड घेऊन आले होते.

रामकुंड_परिसर
क्यूआर कोड भाजीवालीकडेही असतो. तिला लुटारू म्हणता का?

बे_एक_बे
भाजीवाली मढ्याच्या टाळूवरचं लोणी खात नाही.

रामकुंड_परिसर
जीभ सांभाळा. कोरोनात घरचे लोक अस्थी न्यायला येत नव्हते, तेव्हा आम्ही कलशांवर चिठ्ठ्या लावून महिना महिना ठेवले. तेव्हा लोणी कुठे होतं?

रोखठोक
बघा, विषय कुठे गेला. मी म्हणतच होतो, पैसे नाहीत हे सोंग आहे. जिलबीला आहेत, सरणाला नाहीत.

माळरान
शहरातली भांडणं वाचून हसू येतंय. आमच्या वस्तीला स्मशानच नाही. गावाला आहे, शेड आहे, बाक आहेत. आम्ही ओढ्याच्या काठाला जाळतो. दोन वर्षांमागं आज्जी गेली, आषाढ होता. चौघांनी चार कोपऱ्यांना ताडपत्री धरली, ताडपत्रीला खालनं भोक पडलं, आणि माझा चुलता टायर आणायला पळाला. लाकडं ओली, रॉकेल कुठं मिळत नाही, दुचाकीतलं पेट्रोल काढून ओतलं. टायरचा वास अजून नाकात आहे.
दहन-दफनभूमी हे ग्रामपंचायतीचं काम, १९५८ च्या कायद्यात आहे. सरकारच्या जनसुविधा योजनेतनं शेडला निधी येतो. आमचा ठराव तीनदा झाला. जागेचं नाव निघालं की बाजूचा शेतकरी हरकत घेतो. हरकत कशाला, ते मी सांगायची गरज नाही. आमच्यात तेराव्याला भात-आमटी असते. जिलबी नाही. सोंग कुणाचं ते रोखठोक साहेबांनी सांगावं.

जुना_कारकून
ठराव, सातबारा आणि हरकतीची नक्कल घेऊन प्रांताकडे जा. तलाठ्याच्या भरवशावर राहू नका. मी तलाठ्यांबरोबर काम केलंय.

माळरान
गेलो होतो. "मोजणी लावू" म्हणाले.

जुना_कारकून
मग मोजणीची फी भरल्याची पावती मागा. फी कुणी भरलेलीच नसते.

रोखठोक
माळरान, तुमच्याबद्दल बोललो नव्हतो. स्मशान सरकारने द्यावंच, त्यात वाद नाही. आणि ठीक आहे, शववाहिकाही द्यावी, कारण तिथे रात्री खरंच अडवतात. आमच्या वेळी हातगाडी होती, अडवायला कुणी नव्हतं. पण सामानाचे पैसे आणि जेवण माझ्या करातून नको. बावीस अंगठे मी परत करणार नाही.

आडवाट
जेवण कुणी मागितलं होतं? मी पाच हजार नऊशेचं बोललो, त्यातले साडेतीन तुम्ही आत्ता मान्य केलेत. शवागारातले सहाशे तर मुळात बेकायदा, ते कुणीच देऊ नयेत. राहिले अठराशे. भांडायला उरलं काय?

रोखठोक
अठराशे.

नीलिमा_ठाणे
वॉचमनने तुमचे पैसे परत केले का? सहज विचारतेय.

आडवाट
पुढच्या पगाराला पाचशे आणून दिले. घेतले. नको म्हटलं असतं तर मान खाली घालून गेटवर उभा राहिला असता वर्षभर. अजून दर महिन्याला देतो.

शेणीवाला
ह्याला म्हणतात माणूस. आणि रोखठोकराव, ते अठराशे माझ्याकडनं.

रामकुंड_परिसर
मीही एक सांगतो आणि थांबतो. रामकुंडावर पैसे नसलेला कुणी अस्थी घेऊन आला तर त्याला माझ्याकडे पाठवा, विधी करून देईन, काही मागणार नाही. नंबर खासगी निरोपात देतो. नीलिमाताईंनी कृपया पाठवू नये.

नीलिमा_ठाणे
पाठवणार. छत्री बरोबर देऊ का?