सोशल स्किल्स ग्रुपचा 'प्रगती अहवाल' कितपत खरा धरायचा?

केळीपट्टा_रावेर: मुलगा नववीत, ऑटिझम आहे, बोलतो व्यवस्थित. जळगावात दर शनिवारी सोशल स्किल्सचा, म्हणजे चारचौघांत मिसळायला शिकवणारा ग्रुप असतो, १२ आठवड्यांचा. शेवटी प्रगती अहवाल देतात म्हणे. फी भरण्याआधी काय विचारू?

तापीकाठ: भाऊ, पहिला प्रश्न हा, की अहवालातले फॉर्म भरतं कोण? २०१७ मध्ये असे ग्रुप किती उपयोगी पडतात हे तपासणाऱ्या १९ अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. मुलांच्या स्वतःच्या उत्तरांत सुधारणा दिसली, पण ती 'कसं वागायचं ते कळलं' एवढीच. तसं वागू लागल्याची नाही. पालकांच्या फॉर्मात फरक थोडाच होता, शिक्षकांच्या फॉर्मात तर दिसलाच नाही. एसआरएस-२ सारखी, मुलाच्या सामाजिक वागण्याबद्दलची ६५ प्रश्नांची प्रश्नावली वापरत असतील तर आधी आणि नंतर एकाच माणसाने भरायला हवी. आधी आईने, नंतर वडिलांनी भरली तर आकडे जुळवण्यात अर्थ नाही. ग्रुप संपून तीन महिने झाल्यावर पुन्हा भरून घेतात का, तेही विचारा.

आणखी एक फसगत. आधीचा फॉर्म जूनमध्ये, नंतरचा सप्टेंबरमध्ये. नव्या वर्गाला सरावलेलं पोर तोवर तसंही मोकळं होतं. श्रेय ग्रुपला जातं.

घरी वही ठेवा: पंधरवड्यात त्याने कुणाला बोलावलं, त्याला कुणी बोलावलं, किती वेळ एकत्र होते. ग्रुप सुरू व्हायच्या आधीपासून लिहा.

अहिराणी_ओटा: पालकांना त्या वेळात काय काम देतात? अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाच्या पीअर्स या सोशल स्किल्स कार्यक्रमात दर आठवड्याला ९० मिनिटं मुलांचा वर्ग आणि त्याच वेळी पालकांचा वेगळा वर्ग असतो, शिवाय गृहपाठ. पालक बाहेर चहा पीत बसणार असतील तर शिकलेलं त्या खोलीतच राहतं.

रोल-प्लेची, म्हणजे खोटे प्रसंग वठवून करतात त्या सरावाची भाषाही बघा. गप्पांत शिरायच्या पायऱ्या (आधी ऐकणं, बोलणं थांबलं की विषयाला धरून एक वाक्य, दाद मिळाली नाही तर शांतपणे बाजूला होणं) इथेही चालतात. पण ओट्यावरची पोरं 'काय करी ऱ्हायना रे?' म्हणत असताना हा 'मी तुमच्यात सहभागी होऊ का?' म्हणाला तर हसंच होणार. घरी अहिराणी असेल तर सराव अहिराणीतच मागा, टोमणे-मस्करीसकट.

सातपुडा_ओटी: डोळ्यांत बघणं, हात हलवणं बंद होणं, याला प्रगती म्हणत असतील तर पैसे भरू नका. ते ऑटिझम लपवणं झालं. दमणूक वाढते आणि शनिवारी संध्याकाळी घरी भडका उडतो. मुलाला मित्र हवेत का, हे त्यालाच विचारलंय का? चालवणाऱ्यांचा आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी क्रमांक मागायला संकोच नको.

केळीपट्टा_रावेर: शाळेत निदान सांगितलेलं नाही. शिक्षकांचा फॉर्म कसा भरून घेऊ?

तापीकाठ: मग प्रश्नावली नको. वर्गशिक्षकांना तीनच गोष्टी विचारा: मधल्या सुट्टीत डबा कुणासोबत खातो, गटकामात त्याला कोण घेतं, पीटीच्या तासाला कुठे उभा असतो. निदान सांगायची गरज पडत नाही. हेच तीन प्रश्न, त्याच शिक्षकांना, ग्रुप संपल्यावर. तो ग्रुपला जातो हे मात्र त्यांना सांगू नका, नाहीतर उत्तर आपोआप गोड होतं.