"केंद्रात टाकलं की माणूस वाया जातो" म्हणणाऱ्यांना उत्तर

नदीकाठची: काल इथे एकाने लिहिलं, "व्यसनमुक्ती केंद्र म्हणजे तुरुंग. शपथ घाला, चार दिवस खोलीत कोंडा, निर्धार असेल तर दारू सुटते." खाली 'अगदी खरं' म्हणणाऱ्यांची रांग. राहवेना म्हणून लिहिते. मी मेडिसिन वॉर्डात नर्स आहे. रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली की काही तासांत हात थरथरायला लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, तिसऱ्या दिवसाच्या आसपास भ्रम होतो. माणूस चादरीवरचे नसलेले किडे वेचत बसतो. यात जीव जातो. म्हणून लिब्रियमसारखी मेंदू शांत करणारी गोळी देऊन ती हळूहळू कमी करतात, सलाईनमधून ग्लुकोज द्यायच्या आधी थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, टोचतात. कोंडलेल्या खोलीत हे कोण करणार?

आणि ते 'मन खंबीर कर' बंद करा. कित्येक जण छातीतल्या धडधडीवर उतारा म्हणून पितात. नशा उतरली की तीच धडधड जास्त उफाळते.

घाटावरचा: सिस्टर, तुम्ही वॉर्डातलं सांगताय, मी केंद्रातलं सांगतो. माझ्या मेव्हण्याला रात्री गाडीत कोंबून नेलं. भेटू दिलं तेव्हा पाठीवर वळ होते. डॉक्टर तिथे फिरकलाच नव्हता. आता तो साध्या दवाखान्याचीही पायरी चढत नाही. या भीतीला अडाणीपणा म्हणू नका.

नदीकाठची: म्हटलेलं नाही. ते केंद्र नव्हतं, कोंडवाडा होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या व्यसनातून येणारे मानसिक त्रासही धरलेत आणि रुग्णाला साखळीने बांधायला सक्त मनाई आहे. पुण्यातलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून चालू आहे. सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका.

रानवारा: एवढं रामायण कशाला? माझ्या भावजयीने भाजीत पूड घालून नवऱ्याची सोडवली. एसटी स्टँडवर जाहिरात होती, 'पिणाऱ्याच्या नकळत'.

नदीकाठची: त्या पुडीत काय होतं, विचारलंत? डायसल्फिराम, म्हणजे दारू प्यायली की त्रास व्हावा म्हणून देतात ती गोळी, असेल आणि वरून तो प्याला, तर तोंड लालबुंद, उलट्या, बीपी धाडकन खाली. ती गोळी माणसाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायची असते.

रानवारा: संमती? ती रोज मार खात होती, तेव्हा तिची संमती विचारली होती कोणी? एसी वॉर्डात बसून शिकवू नका.

नदीकाठची: सरकारी वॉर्ड आहे, पंखाही धड चालत नाही. तिचा मार थांबायलाच हवा होता, त्यासाठी पोलीस आहेत, माहेर आहे. पण तो जेवणाच्या ताटावर कोसळला असता तर आत तीच गेली असती.

घाटावरचा: इथे मी सिस्टरच्या बाजूने. मेव्हणा आजही बहिणीने वाढलेलं आधी हुंगून बघतो.

रानवारा: बरं, पूड धोक्याची, धरून चाला. तिला तेव्हा दुसरं कोणी काही सांगितलं नव्हतं, हेही धरा.

आडवी_बाटली: सगळे पिणाऱ्यावरच तुटून पडलात! परवाने कोण वाटतं? आमच्या चंद्रपूरला २०१५ मध्ये बंदी आली, ती बायकांच्या मोर्चांमुळे. २०२१ मध्ये उठवली. महसूल हवा ना! गडचिरोलीत १९९३ पासून आहे, तिथलं बोला.

घाटावरचा: अहो, बंदी असताना तुमच्याकडे चोरून मिळत नव्हती?

आडवी_बाटली: मिळत होती. पण दारात दुकान नव्हतं. हा फरक ज्या घरात पिणारा आहे त्यालाच कळतो.

नदीकाठची: दादा, तुमचा राग रास्त आहे, त्यावर वेगळा धागा काढा, मी येते. इथे एक माणूस दवाखान्याला घाबरून घरात बसलाय.

घाटावरचा: केंद्रात मी त्याला पुन्हा टाकणार नाही, हे ठाम. ओपीडीत नेईन, बाकावर शेजारी बसेन. चालेल?

नदीकाठची: चालेल. त्याला आधी सांगा, 'तुला तिथे सोडून येणार नाही.' आणि तो शब्द पाळा. ओपीडीत देतील त्या गोळ्यांचं पाकीट त्याच्या हाती देऊ नका, त्यांचीही सवय लागते. रोजची रोज तुम्ही द्या. तो यायला तयार नसेल तर १४४१६ ला फोन करा, टेलिमानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, फुकट आहे. पूर्वी कधी फिट आली होती का?

घाटावरचा: दिवाळीत. दारू बंद केली होती तेव्हा. आम्हाला वाटलं अशक्तपणा.

नदीकाठची: शेवटचं कधी प्याला?

घाटावरचा: काल रात्री. आज शपथ घेतलीये. हात थरथरतायत.

नदीकाठची: ओपीडीचं सोडा. आत्ता रिक्षा करा, थेट कॅज्युअल्टीत न्या. फिट आली होती हे दारातच सांगा.